शाळेतले वाङ्मय मंडळ : कोणाचे आणि कशासाठी?

आपल्या माध्यमिक शाळांतून 'मंडळे' पुष्कळ असतात. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, गणित मंडळ, कला मंडळ. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत यांचीच नावे लिटररी क्लब, इको क्लब, रोबोटिक्स क्लब अशी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचे उद्घाटन होते. सरस्वतीच्या प्रतिमेला हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे भाषण, मुख्याध्यापकांचा अध्यक्षीय समारोप आणि शेवटी नववीतल्या एखाद्या विद्यार्थिनीने पाठ केलेले आभारप्रदर्शन. त्यानंतर वाङ्मय मंडळाची गाठ पडते ती बहुधा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. मधल्या सहा-सात महिन्यांत मंडळ कुठे होते, असा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण ते कुठे असावे अशी कोणाची अपेक्षाच नसते.

साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक यांनी या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. मराठी विभागांत विद्यार्थी येत नाहीत, आले तर वाचत नाहीत, वाचले तर बोलत नाहीत, ही तक्रार आपण महाविद्यालयाच्या पातळीवर करतो आणि तिची कारणेही तिथेच शोधतो. परंतु वाचण्या-लिहिण्याची आवड लागायची असेल तर ती तेराव्या-चौदाव्या वर्षी लागते, आणि त्या वयात ती लागण्यासाठी शाळेत जी एकमेव जागा परीक्षेच्या बाहेर ठेवलेली होती, ती म्हणजे हे मंडळ. ती जागा समारंभाने व्यापली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : जे मंडळ स्वतः काही ठरवू शकत नाही, ते मंडळ नव्हे, आणि आपल्या शाळांतील मंडळांना आज ठरवण्यासारखे काहीच ठेवलेले नाही.

आधी शब्दांकडे पाहू. अशा उपक्रमांना शाळेत 'छंदवर्ग' असेही म्हणतात. 'छंद' या शब्दात आवड आहे, पद्यरचनेचे वृत्त आहे आणि 'स्वच्छंद' या शब्दात शिल्लक राहिलेला 'इच्छा' हा जुना अर्थही आहे. हे तीनही अर्थ येथे उपयोगी पडतात. छंद लागतो तो स्वतःच्या इच्छेने; आणि लागल्यावर टिकतो तो वृत्तासारखा, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येऊन. वर्षातून दोनदा होणाऱ्या गोष्टीला उत्सव म्हणता येईल, छंद म्हणता येणार नाही. 'मंडळ' या शब्दाचा मूळ अर्थ वर्तुळ. वर्तुळात बसलेल्यांना एकमेकांचे तोंड दिसते. व्यासपीठासमोर रांगेत बसलेल्यांना समोरच्याचे डोके दिसते. वर्गात काय वाचायचे ते पाठ्यपुस्तक मंडळ ठरवते, किती वाचायचे ते तासिका ठरवते आणि वाचल्याचा अर्थ काय ते प्रश्नपत्रिका ठरवते. हे चुकीचे आहे असे नाही. शिक्षणाला शिस्त लागतेच. मात्र त्याच शाळेत आठवड्यातून एक तास असा असावा, जिथे हे तीनही निर्णय मुले घेतात. मंडळाचे प्रयोजन एवढेच आहे.

*

ही कल्पना परकीय नाही, नवीनही नाही. आधुनिक मराठी गद्याच्या इतिहासात विद्यार्थ्यांच्या अशा एका मंडळाला मानाचे स्थान आहे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी आणि अध्यापक यांनी मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. सभासदांनी निबंध वाचायचे, त्यावर इतरांनी चर्चा करायची, असा तिचा साधा क्रम होता. इंग्रजीतील ही चर्चा आपल्या लोकांपर्यंत पोहोचत नाही हे ध्यानात येताच तिच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या : मराठी ज्ञानप्रसारक सभा आणि तिची गुजराती भावंडे. मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आले. पुढे १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू झाले आणि विज्ञान, इतिहास, समाजरीती यांविषयी मराठीत विवेचक गद्य लिहिण्याची जी सवय लागत गेली, तिच्यात या मासिकाचा मोठा वाटा आहे.

या सोसायटीचे मला अधिक महत्त्वाचे वाटणारे काम वेगळेच आहे. स्त्रीशिक्षणावर निबंध वाचून झाले, चर्चा झाली, आणि मग १८४९ मध्ये या तरुण सभासदांनी मुलींसाठी शाळा काढल्या. काही काळ त्यांतील अनेकांनी स्वतःचा वेळ देऊन, वेतन न घेता तिथे शिकवले. त्यांच्यापैकी एक, दादाभाई नौरोजी, तेव्हा पंचविशीही ओलांडलेले नव्हते. निबंधवाचन करणारे मंडळ वर्षभरात शाळा चालवू लागते, हे कसे घडले? कोणा वरिष्ठाने 'उपक्रम' म्हणून नेमून दिले असते तर ते घडले नसते, असे मला वाटते. ज्यांनी विषय निवडला होता त्यांनाच त्या विषयाची जबाबदारी टाळता आली नाही. निवडीतून जबाबदारी येते. नेमून दिलेल्या कामातून अहवाल येतो.

दुसरे उदाहरण शाळेच्या अधिक जवळचे आहे, आणि ते माझ्या मुद्द्याला थोडे अडचणीचेही आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. या काळात ते 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित चालवीत. दिवसभर शिकवून, मुलांची उस्तवार करून, रात्री हा माणूस हाताने दैनिक लिहून काढी आणि दुसऱ्या दिवशी मुले ते वाचीत. १९२८ च्या सुमारास त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. अडचण अशी, की छात्रालय दैनिक हे मुख्यतः शिक्षकाचे लेखन होते. मुलांनी ठरवले, मुलांनी लिहिले, असे त्याबद्दल म्हणता येत नाही. मग ते मंडळाचे उदाहरण कसे?

मला वाटते, ते मंडळातल्या शिक्षकाचे उदाहरण आहे. आज वाङ्मय मंडळाच्या प्रमुख शिक्षकाकडून आपण कोणती अपेक्षा करतो? त्याने पाहुणे आणावेत, स्पर्धा घ्यावी, परीक्षक नेमावेत, प्रमाणपत्रे छापून घ्यावीत. त्याने स्वतः लिहावे, आणि मुलांना ते वाचायला द्यावे, ही अपेक्षा कोणाच्या मनातही येत नाही. आपला शिक्षक रोज लिहितो, तेही आपल्यासाठी, बक्षीस नसताना, छापून येणार नसताना लिहितो, हे त्या छात्रालयातील मुलांनी पाहिले. लेखन ही करण्याजोगी गोष्ट आहे असे मुलांना पटवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. मुंबईच्या सोसायटीकडून मुलांचा निर्णयाधिकार घ्यावा आणि अमळनेरच्या छात्रालयाकडून शिक्षकाचा सहभाग व नित्यक्रम घ्यावा, म्हणजे शाळेतल्या मंडळाची घटना जवळजवळ पूर्ण होते.

*

मग बिघडले काय? शिक्षक कामचुकार झाले, मुले मोबाइलमध्ये बुडाली, ही दोन तयार उत्तरे बाजूला ठेवू. ती सोपी आहेत आणि अन्यायाचीही. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोज कुठल्या तरी संकेतस्थळावर भरायची माहिती, यांतून उरलेल्या वेळात शिक्षक शिकवत असतो. मुलांचे म्हणावे, तर त्यांच्या हातात आज लेखन-वाचनाचे साधन पूर्वी कधी नव्हते इतके आहे.

माझ्या मते कारणे तीन आहेत. पहिले कारण अहवाल. गेल्या काही वर्षांत शाळेतील मंडळांना शासकीय आधार पुष्कळ मिळाला. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या नावाने शाळाशाळांतून पर्यावरण मंडळे निघाली. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन झाला. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर विषयवार मंडळांना प्रोत्साहन द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे आणि त्या यादीत विज्ञान, गणित, संगीत, बुद्धिबळ यांच्या बरोबरीने काव्यमंडळे, भाषामंडळे, नाट्यमंडळे आणि वादविवादमंडळे यांचाही उल्लेख आहे. यातला हेतू चांगला आहे. मात्र वरून आलेला प्रत्येक उपक्रम पुरावा मागतो, आणि पुरावा म्हणजे छायाचित्र. पंचवीस मुले गोल बसून एका कथेच्या शेवटावरून भांडत आहेत, याचे छायाचित्र काढले तर त्यात पंचवीस मुले गोल बसलेली दिसतील. भांडण दिसणार नाही. फलक, हार आणि पाहुणे मात्र छान दिसतात. म्हणून शाळा जे दिसते ते करते.

दुसरे कारण स्पर्धा. वक्तृत्व, कथाकथन, काव्यवाचन, निबंध, घोषवाक्य : वाङ्मय मंडळाचे सारे काम आपण स्पर्धांच्या रूपात कल्पिले आहे. स्पर्धेचे भाषण अनेकदा पालक किंवा शिक्षक लिहून देतात, मूल ते पाठ करते, हातवारे ठरलेले असतात. बक्षीस तिघांना मिळते आणि उरलेल्या चाळिसांना आपल्याला हे जमत नाही एवढे कळते. साहित्याच्या बाबतीत चौदाव्या वर्षी झालेली ही समजूत पुढे क्वचितच पुसली जाते. स्पर्धेने कलेचे भले कधीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने मराठी रंगभूमीला किती माणसे दिली हे सर्वांना माहीत आहे. पण तिथे महाविद्यालयाचा संघ स्पर्धेआधी महिनोन्‌महिने एकत्र राबतो. खरे मंडळ त्या तालमीत असते, करंडकात नसते. शाळेत आपण तालीम वगळली आणि करंडक ठेवला.

तिसरे कारण गुण. २०२० च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. या कायद्याची गरज होती, यात मला शंका नाही. मात्र अनिवार्य विषय शाळेत कसा शिकवला जातो आणि मुले तो कसा सोसतात, हेही आपण जाणतो. जिथे मराठी ही केवळ अनिवार्य गोष्ट आहे, तिथे मुलाच्या मनात तिची जागा नियमांच्या रांगेत जाते : गणवेश, हजेरी, मराठी. या रांगेतून भाषेला बाहेर काढायचे तर शाळेतच एक जागा अशी हवी, जिथे ती सक्तीची नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाने संशोधनाला बळ मिळेल. आठवीतल्या मुलाला मराठीत काही लिहावेसे वाटावे, हे काम त्या दर्जाच्या हातचे नाही.

*

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून एक जागा समोर ठेवतो : नवी मुंबईतील महापे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना महापे दिसते ते कारखान्यांचे आणि संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचे. औद्योगिक वसाहत, मिलेनियम बिझनेस पार्क, शीळफाट्याकडे जाणारा अवजड वाहनांचा रस्ता, मागे पारसिकचा डोंगर. या सगळ्यांच्या मधोमध मूळ महापे गाव आहे, आगरी वस्तीचे. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये सिडको आली, आणि ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातील गावांच्या भातशेतीचे रूपांतर आधी कारखान्यांत आणि मग शहरात झाले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. हा इतिहास येथील घराघरांत आजही बोलला जातो. शाळेच्या हस्तलिखितात तो कधी येतो का?

अशा परिसरातील माध्यमिक वर्गात कोण बसलेले असते? आगरी घरांतली मुले असतात. कारखान्यांत आणि बांधकामांवर काम करण्यासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, सातारा-सांगलीकडून आलेल्या कुटुंबांची मुले असतात. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक येथून आलेल्यांचीही असतात. एका वर्गात चार-पाच तऱ्हांची मराठी आणि दोन-तीन अन्य भाषा नांदत असतात. साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आंतरभारतीची कल्पना मांडली, तेव्हा भाषाभाषांनी एकमेकींना ओळखावे म्हणून खास केंद्रे उभारावी लागतील असे त्यांना वाटले होते. महापेसारख्या ठिकाणी ते केंद्र रोज सकाळी सातला घंटा वाजली की आपोआप भरते. फक्त वर्गात ते दिसत नाही, कारण वर्गात सर्वांनी प्रमाण मराठी लिहायची असते.

आता या शाळेतल्या वाङ्मय मंडळाने काय करावे? माझ्यासारख्या साहित्याच्या माणसाला एक गोष्ट लगेच सुचते. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी तिच्या गाण्यांनी बांधलेले असतात. परंपरेने लग्न लावणारी तीच. आता 'धवला' हा शब्द पाहा. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. तेव्हा धवला म्हणजे धवळा. आणि धवळे म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला महदंबा आठवते : तेराव्या शतकातली महानुभाव कवयित्री, गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गीते रचणारी, मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते ती. आपण एम.ए.च्या वर्गात ज्या रचनाप्रकारावर टिपा लिहून घेतो, त्याच नावाचा रचनाप्रकार, तोही बायकांनीच जपलेला आणि लग्नाशीच जोडलेला, आगरी गावांतल्या लग्नमंडपात आपल्या काळापर्यंत चालत आला आहे. अशा वेळी मंडळातील मुलांनी वही घेऊन आपल्या आजीकडे जावे, याहून चांगला उपक्रम कोणता?

इथेच मला थांबायला हवे, कारण इथेच माझ्या सिद्धान्ताची परीक्षा आहे. हे मला सुचले आहे. मुलांना सुचलेले नाही. आजच्या आगरी मुलाच्या कानात धवल्यापेक्षा हळदीच्या रात्री वाजणारी डीजेवरची आगरी-कोळी गाणी अधिक असतात. मंडळाने ठरवले, की आम्हाला त्या गाण्यांवर लिहायचे आहे, किंवा आम्हाला स्वतःच आगरीत रॅप रचायचा आहे, तर? मंडळाचा तास खरा असेल तर शिक्षकाला ते मान्य करावे लागेल. लोकसाहित्य जपण्याच्या सद्हेतूनेही मुलांवर धवला लादला, तर तो आणखी एक धडा होईल. स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून पाच मिनिटांत उरकण्याचा एक 'लोककला कार्यक्रम' होईल. तसे अनेक लोकप्रकारांचे झाले आहेच.

म्हणून शिक्षकाने काही करू नये, असे मात्र नाही. अमळनेरचा धडा येथे कामी येतो. धवला महत्त्वाचा वाटत असेल तर शिक्षकाने स्वतः धवलारणीकडे जावे, ऐकावे, लिहून आणावे आणि मंडळाच्या तासाला आपला मजकूर इतरांसारखाच, आपली पाळी आल्यावर वाचावा. मुलांना रस वाटला तर ती प्रश्न विचारतील. एखादी मुलगी म्हणेल, हे माझी आजी गाते. पण तुम्ही लिहिलेत तसे गात नाही, तुम्ही 'ळ' लिहिला आहे. त्या क्षणी मंडळाला जन्म मिळतो. जिच्या वहीत 'पानी' आणि 'डोला' या शब्दांभोवती लाल वर्तुळे पडत होती, ती मुलगी शिक्षकाच्या वहीतली चूक दाखवीत असते, आणि शिक्षकाला ती मान्य करावी लागते. प्रमाणभाषा शिकवायचे काम वर्गाने अवश्य करावे. भाषेचे एकाहून अधिक मालक असतात, हे शिकण्याची जागा मंडळ आहे.

*

या म्हणण्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, मुलांना मोकळे सोडले तर ती टुकार काहीतरी करतील. करतीलच. बहुतेक लेखकांनी चौदाव्या वर्षी टुकारच लिहिलेले असते. सभोवती चार वाचणारे असले की त्यातले काय टुकार हे हळूहळू कळू लागते, आणि हे कळणे हीच समीक्षेची पहिली इयत्ता. परीक्षकाने दिलेल्या दहापैकी सहा गुणांतून ते कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मंडळ मुलांच्या हाती दिले तर ते कोणत्या मुलांच्या हाती जाईल? अनुभव असा, की ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, ज्यांची बोली प्रमाणभाषेला जवळची आहे, ज्यांना शाळा सुटल्यावर लहान भावंडे सांभाळायची नसतात, तीच मुले पुढे येतात. वर्गातली उतरंड मंडळातही उभी राहते, आणि 'मुलांनी स्वतः ठरवले' म्हणून तिला वर प्रतिष्ठा मिळते. एल्फिन्स्टनच्या सोसायटीतही मुंबईतले शिकलेले पुरुषच होते, हे विसरून चालणार नाही. यावर उपाय आहेत, आणि ते साधे आहेत. मंडळाचा तास वेळापत्रकात, शाळेच्या वेळेत असावा. शाळा सुटल्यानंतर ठेवला की अनेक मुली आणि कामकरी घरांतली मुले गळतात. हस्तलिखिताचे संपादकपद दर अंकाला बदलावे. मजकूर कोणत्याही बोलीत, कोणत्याही भाषेत स्वीकारावा; भोजपुरी किंवा कन्नड घरातल्या मुलाने आपल्या भाषेतले काही आणले तर त्याचे मराठीत काय होते हे सर्वांनी मिळून पाहावे. आणि मंडळाचे इतिवृत्त एका वहीत, पाळीपाळीने, प्रत्येक सभासदाने लिहावे. मागच्या तासाला कोण बोलले, कोण बोलले नाही, हे त्या वहीत आपोआप उमटते.

तिसरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण शाळा व्यवस्थापनाच्या मनात तोच असतो : मुलांनी नको ते लिहिले तर? शिक्षकाविषयी, शुल्काविषयी, शेजारच्या कारखान्याच्या नाल्याविषयी, आजोबांच्या गेलेल्या जमिनीविषयी? ही भीती खरी आहे, आणि शाळांची हस्तलिखिते इतकी निरुपद्रवी का असतात याचे उत्तरही तीत आहे. आई, पाऊस, माझा आवडता सण, पाणी वाचवा. पंधरा वर्षांच्या मुलाला या चार विषयांपलीकडे काही सांगायचे नसते, असे कोणी मानत असेल तर त्याने त्या मुलाशी कधी बोललेलेच नाही. मी असे म्हणत नाही, की शाळेने सर्व काही छापावे. अल्पवयीन मुलांची जबाबदारी शाळेवर असते; एखाद्या मजकुराने कोणा मुलाला इजा होणार असेल तर शिक्षकाने तो थांबवलाच पाहिजे. पण थांबवायचा तर कारण मंडळासमोर सांगून थांबवावा, आणि ते कारण इतिवृत्ताच्या वहीत लिहावे. 'हे आपल्या शाळेला शोभत नाही' एवढे पुरे होऊ नये. नकाराचे कारण ऐकण्याचा आणि त्यावर प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्या मुलाला शाळेत मिळाला, तो पुढे नागरिक म्हणूनही तो मागेल. ज्याला मिळाला नाही, तो गप्प राहायला शिकेल, किंवा मोबाइलवर निनावी शिवीगाळ करायला. दोन्ही आपण पाहतोच आहोत.

शेवटी एक सूचना, आणि ती आपल्यासाठी, म्हणजे साहित्याच्या विभागांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी आहे. शाळेच्या वाङ्मय मंडळाशी आपला संबंध दोनच नात्यांनी येतो : उद्घाटक म्हणून आणि परीक्षक म्हणून. दोन्ही वेळा आपण व्यासपीठावर असतो, अर्धा दिवस असतो, आणि शाल-श्रीफळ घेऊन परततो. ही निमंत्रणे काही काळ नाकारावीत. त्याऐवजी जवळच्या एका शाळेला विचारावे, की पंधरवड्यातून एकदा तुमच्या मंडळाच्या तासाला आमचे दोन विद्यार्थी येऊन बसले तर चालेल का. भाषण करणार नाहीत, गुण देणार नाहीत, इतरांसारखे वर्तुळात बसतील आणि पाळी आली की आपले लिहिलेले वाचतील. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपला मजकूर आठवीतल्या पंचवीस मुलांसमोर वाचावा लागला, तर त्यातली किती वाक्ये टिकतात हेही त्याला कळेल. हा लाभ शाळेपेक्षा आपल्याच विभागांना अधिक होईल, अशी माझी अटकळ आहे.

यासाठी शासननिर्णय लागत नाही, निधी लागत नाही. लागतो तो वेळापत्रकातला एक तास, एक कोरी वही, आणि तो तास मुलांचा आहे हे मान्य करणारा एक मुख्याध्यापक. यातली पहिली दोन साधने प्रत्येक शाळेत आहेत. तिसरे कुठे कुठे आहे, याचा शोध आपण आपापल्या गावात घ्यायला हरकत नाही.